क्लबमध्ये, रेव्हला डान्सर म्हणून काम करायचंय? पोडियमवर चढायच्या आधीपासून घरी पोचेपर्यंतचं सगळं

माझ्या पहिल्या क्लब शोला पोडियम म्हणजे प्लायवूडचा एक ठोकळा होता, माझ्या गुडघ्याएवढा उंच, तिन्ही बाजूंनी माणसं आणि मागे भिंत. पुण्यातला क्लब, शनिवार, रात्रीचे साडेबारा. नाचता नाचता कुणीतरी माझा घोटा धरला आणि ओढला, मी कडेवर आपटले, गुडघा सोलला, आणि बाउन्सर होता गेटवर कारण त्याला आतलं कुणी काही सांगितलंच नव्हतं. को-ऑर्डिनेटर म्हणाला, अगं होतं असं, पाणी पी आणि चढ परत. आणि मी चढले पण, कारण पैसे शो संपल्यावर मिळणार होते आणि घरी कसं जायचं ते सुद्धा त्याच्याच हातात होतं.

आता नऊ वर्षं झाली या कामाला. मधल्या काळात खूप मुली आणि मुलगे पण विचारतात की ताई सुरुवात कशी करायची, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो कुठला डान्स शिकू. डान्स तर शिकायचाच गं, पण माझा घोटा ओढला गेला तो डान्स कमी पडला म्हणून नाही, पोडियम किती उंच आहे हे मी विचारलं नव्हतं म्हणून. त्यामुळे हे सगळं मी त्या क्रमाने लिहितेय ज्या क्रमाने मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि वय १८ च्या आत असेल तर इथेच थांब, तोपर्यंत क्लासमध्ये नाच, स्पर्धा कर, हे काम नको.

आधी हे काम नक्की कुठलं ते समजून घे

गो-गो डान्सर म्हणजे डीजेच्या बाजूला किंवा गर्दीत उंच पोडियमवर नाचून फ्लोअर तापवणारी. १९६४ ला लॉस एंजलिसमध्ये व्हिस्की अ गो गो नावाचा क्लब उघडला, तिथे फ्लोअरच्या वर टांगलेल्या पिंजऱ्यात मुली नाचायच्या, तिथून हे जगभर पसरलं. आपल्याकडे हे काम साधारण चार जागी मिळतं: मुंबई-पुण्याचे क्लब, गोव्याचे क्लब आणि बीच पार्ट्या, मोठे म्युझिक फेस्टिव्हल, आणि कॉर्पोरेट किंवा लग्नाच्या आफ्टर पार्ट्या. सनबर्न हा असाच एक मोठा म्युझिक फेस्टिव्हल, तो २००७ ला गोव्यात कांदोळीला सुरू झाला आणि २०१६ ला पुण्यात आला, तेव्हा आपल्या इथल्या कितीतरी पोरींनी पहिलं मोठं स्टेज तिथे बघितलं.

डान्स बार हा वेगळा विषय आहे आणि त्याचा कायदा पण वेगळा आहे, तरी तो माहीत असायला हवा कारण पोलीस, शेजारी, नातेवाईक सगळे तुला त्याच मापाने मोजणार. महाराष्ट्रात २००५ ला डान्स बारवर बंदी आली, २००६ ला हायकोर्टाने ती रद्द केली, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं म्हणणं कायम ठेवलं, मग सरकारने २०१६ ला नवा कायदा केला आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या. नोटा उधळायला बंदी राहिली, टीप हातात द्यायला मुभा मिळाली, आणि बायकांशी लेखी करार असावा, पैसे त्यांच्या बँक खात्यात जावेत हे म्हणणं कोर्टाला पटलं. माझा मुद्दा एवढाच की जे डान्स बारमधल्या बायकांसाठी कोर्टाने मान्य केलं ते क्लबमध्ये नाचणाऱ्या आपण साधं मागत पण नाही. मी मागते. तू पण माग.

दम आणि मोजणी, स्टेप्स नंतर

स्टेजवरचा ग्रुप डान्स चार मिनिटांचा असतो. पोडियमवर एक सेट १५ ते २० मिनिटांचा आणि रात्रीत असे चार-पाच सेट. इथेच सगळ्यात चांगल्या डान्सर पण फसतात, पहिल्या पाच मिनिटांत सगळं देऊन टाकतात आणि मग उरलेला वेळ नुसतं डुलतात, आणि खालच्या माणसाला ते लगेच कळतं.

म्हणून घरी टायमर लाव आणि २० मिनिटं न थांबता नाच. पहिल्या आठवड्यात नाही होणार, चालेल. मला दीड महिना लागला होता. कोरिओग्राफी बसवू नकोस, कारण डीजे पुढे काय वाजवेल ते तुला माहीत नसतं. त्याऐवजी सहा-सात ग्रूव्ह, म्हणजे तालावर परत परत करता येणाऱ्या साध्या हालचाली, पक्के कर जे झोपेत पण करता येतील आणि त्यांच्यामध्ये अदलाबदल करायला शिक.

मोजणी सोपी आहे. हाउस आणि टेक्नो बहुतेक आठच्या मात्रेत चालतं आणि चार आठ म्हणजे ३२ बीट झाले की काहीतरी बदलतं, नवा आवाज येतो किंवा किक, म्हणजे खालचा धडधड ठोका, जाते. हाउस साधारण १२० ते १२८ बीपीएम (मिनिटाला इतके बीट), म्हणजे १२८ ला ३२ बीट बरोबर १५ सेकंदात संपतात. एवढं डोक्यात बसलं ना की ड्रॉप, म्हणजे म्युझिक चढत जाऊन एकदम जोरात सुटतं तो क्षण, कधी येणार हे तुला दोन सेकंद आधी कळायला लागतं, आणि ड्रॉपला हात बरोबर वर गेला की खालचे सगळे हात वर जातात, तुला कामावर बोलावतात ते या क्षणासाठी. बिल्डअपला, म्हणजे ड्रॉपच्या आधी म्युझिक चढत असतं तेव्हा, छोटं हो, गुडघ्यात बस, हालचाल आवळून घे, मग ड्रॉपला उघड.

सायट्रान्स, म्हणजे ट्रान्स पार्ट्यांमधलं वेगवान म्युझिक, १४० च्या वर पळतो. तिथे पायाने प्रत्येक बीट पकडायला गेलीस तर दहा मिनिटांत संपशील. पाय अर्ध्या वेगाने ठेव, दर दुसऱ्या बीटला वजन बदल, वेग खांद्यांतून आणि हातांतून दाखव. तसंही गर्दीतून लोकांना तुझं कमरेच्या वरचंच दिसतं, त्यामुळे हात, मान, केस यांच्यावर जास्त मेहनत घे. आठवड्यातून दोनदा पायांची ताकद वाढवायचा व्यायाम पण हवाच, बैठका, पोटऱ्या, घोट्यांचा तोल, कारण हील घालून लाकडावर अख्खी रात्र म्हणजे गुडघ्याची वाट लागते.

नजर

हे मला एका लावणीवाल्या बाईंनी शिकवलं, आम्ही एका कार्यक्रमात एकाच ग्रीन रूममध्ये होतो. त्या घुंगरं बांधता बांधता म्हणाल्या, पहिल्या रांगेला बघायचं पण पहिल्या रांगेत थांबायचं नाही, नजर द्यायची आणि लगेच उचलून तिसऱ्या रांगेला न्यायची. लावणीत अदाकारी पूर्ण समोरच्यासाठी असते, तरी फडावरची बाई त्याला जागेवरून हलू देत नाही. क्लबमध्ये मी हेच करते. एकाच माणसाकडे दोन आठांपेक्षा जास्त बघितलं की त्याला वाटतं हे आपल्यासाठीच चाललंय आणि तो पुढे सरकतो. पूर्ण खोलीत नजर फिरव, मागच्या कोपऱ्यातल्यांना हात दाखव, मुलींच्या ग्रुपकडे बघून हस, कारण फ्लोअर खरं तर त्याच भरतात.

काम कसं मिळतं

एका मिनिटाचं शोरील बनव, उभं, अंधारात कलर लाइटखाली शूट केलेलं, त्यात एक हाउस, एक टेक्नो, एक बॉलिवूड रिमिक्स. उजेडातल्या क्लासमधल्या व्हिडिओवरून क्लबवाल्यांना काही कळत नाही. सोबत दोन फुल लेंग्थ फोटो, उंची, कुठली स्किल येतात ते, एलईडी हूप, पोई (दोरीला बांधून फिरवायचे गोळे), पंखे, एरियल (हवेत लटकून करायचं) वगैरे. काम डान्स ग्रुप, को-ऑर्डिनेटर, आर्टिस्ट मॅनेजमेंटवाले किंवा थेट क्लबचा प्रोग्रॅमिंग मॅनेजर यांच्याकडून येतं. सुरुवात ग्रुपमधून कर, एकटी जाऊ नकोस. रजिस्ट्रेशन फी मागणारा, हॉटेलच्या रूमवर ऑडिशन ठेवणारा किंवा शो नंतर गेस्टबरोबर बसावं लागेल म्हणणारा, यांना उत्तर पण द्यायचं नाही, ब्लॉक.

दुबई-बहरीनचे फोन पण येतील. टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे आणि अडकलीस तर तूच गुन्हेगार ठरतेस. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली भरती एजंटला नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला द्यायचा नाही, मालकाच्या तर अजिबातच नाही.

हो म्हणायच्या आधीचा मेसेज

हा भाग दोनदा वाच. फोनवर काहीही ठरलं तरी ते मेसेजमध्ये लिहून पाठवायचं आणि समोरच्याकडून 'कन्फर्म' लिहून घ्यायचं, कारण रात्री दोन वाजता कुणालाच काही आठवत नाही. माझा मेसेज साधारण असा असतो, हवा तर कॉपी कर:

'सर, १४ तारखेचं कन्फर्म करते. रिपोर्टिंग ९, पहिला सेट १०.३०, शेवटचा सेट १.१५ ला संपणार. २० मिनिटांचे ४ सेट, मध्ये कमीत कमी २५ मिनिटं ब्रेक. पोडियम माणसाच्या छातीएवढा उंच किंवा पुढे बॅरिकेड, दोन्हीपैकी एक नक्की. सेट चालू असताना एक बाउन्सर पोडियमपाशी. ग्रीन रूमला आतून कडी. कॉस्च्युमचा फोटो आधी पाठवा. फी इतकी, अर्धी आज बँकेत, अर्धी शो सुरू व्हायच्या आधी. जाताना घरापर्यंत गाडी. गेस्टच्या टेबलवर बसणं, ड्रिंक घेणं, शो नंतर थांबणं यात नाही. प्लीज रिप्लायमध्ये कन्फर्म लिहा.'

पहिल्यांदा हा मेसेज पाठवताना हात थरथरतात, वाटतं काम जाईल. दोन-तीन कामं गेली माझी, खरंच गेली. पण ज्यांनी कन्फर्म लिहिलं त्यांच्याकडे मी आज पण नाचते, आणि चांगल्या क्लबच्या मॅनेजरला असा मेसेज बघून उलट बरं वाटतं की हिला काम माहितीय. कॉस्च्युमचा फोटो आधी मागणं विसरू नकोस, कारण जागेवर पोचल्यावर वीतभर कपडा हातात ठेवून 'थीम आहे' सांगणारे भेटतात आणि तेव्हा नाही म्हणणं फार अवघड जातं.

पोडियमच्या उंचीबद्दल मी एवढी हट्टी का ते वर सांगितलंच आहे. गुडघ्याएवढा ठोकळा सगळ्यात वाईट, कारण हात घोट्यापर्यंत सहज पोचतो. छातीएवढ्या उंचीवर तू मधोमध उभी राहिलीस तर हात पोचायला त्याला वाकून पुढे यावं लागतं आणि तेवढ्यात बाउन्सरला दिसतं. पण उंच पोडियमला मागून रेलिंग हवी आणि चढायला धड पायऱ्या, खुर्चीवरून चढायचं नाही.

रेट कसा काढायचा

दुसरी किती घेते ते विचारून रेट लावू नकोस, स्वतःचा खर्च मांड. समज तुला ३,००० ची ऑफर आली. कॅब स्वतःची असेल तर ९००, मेकअपचं सामान ३००, स्टॉकिंग २५०, आणि ४,५०० चा कॉस्च्युम १५ शो टिकला तर शोला ३००. झाले १,७५०. उरले १,२५०. आता वेळ मोज: क्लबमध्ये पाच तास, मेकअप दीड तास, जाणं-येणं दोन, सराव एक, एकूण साडेनऊ. तासाला १३० रुपयांच्या आसपास पडले, आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी सकाळ झोपेत गेली ती वेगळीच. हा हिशोब एकदा कागदावर केला की 'एक्स्पोजर मिळेल' वाल्यांना नाही म्हणायला तोंड आपोआप उघडतं. थर्टी फर्स्टचा रेट वेगळा, तो दुप्पट मागायला लाजू नकोस, त्या रात्री प्रत्येक क्लबला डान्सर हवी असते.

कंपनीकडून पैसे आले तर प्रोफेशनल फी म्हणून बऱ्याचदा १० टक्के टीडीएस कापतात. ते पैसे गेलेले नसतात, पॅनवर जमा असतात, रिटर्न भरलं आणि तुझा टॅक्स तेवढा होत नसेल तर परत येतात. मी पहिली तीन वर्षं रिटर्नच भरलं नाही आणि ते पैसे सोडून दिले, अजून वाईट वाटतं. बँकेत पैसे येत राहिले तर पुढे लोन, भाड्याचं घर, व्हिसा सगळ्याला कागद उभा राहतो.

बॅगेत काय

बुटांपासून सुरू कर. पहिल्या वर्षी ब्लॉक हील किंवा जाड सोलचे बूट, घोटा धरणारे, तळाला रबर. पेन्सिल हील सांडलेल्या बिअरवर घसरते आणि फळ्यांच्या फटीत अडकते. कॉस्च्युमच्या खाली नेहमी सेफ्टी शॉर्ट्स, कुणी काही म्हणो, कारण कॅमेरे खालून असतात. दोन बाजूंनी चिकटणारी टेप, सेफ्टी पिना, सुई-दोरा, जास्तीचे स्टॉकिंग, फोड आल्यावर लावायच्या पट्ट्या, छोटा टॉवेल, कोरडा टी-शर्ट, घरी जायला सैल पँट आणि सपाट चपला. डोळ्याजवळ फक्त मेकअपची चमकी लाव, क्राफ्टच्या दुकानातली चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. पाळीच्या दिवसांत कप किंवा टॅम्पॉन आणि वर गडद शॉर्ट्स, मी त्या दिवसांत पांढरा कॉस्च्युम घालत नाही आणि हे आधीच सांगून ठेवते.

एलईडी ड्रेसच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हँडबॅगेतच न्यायच्या, चेक-इन बॅगेत लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. गोव्याला जाताना माझ्या एका मैत्रिणीला काउंटरवर सगळी बॅग उपसावी लागली होती.

खाणं शोच्या तीन तास आधी, भाकरी-भाजी किंवा वरण-भात, तळलेलं नको. ब्रेकमध्ये केळं, चिक्की. नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही, घामातून मीठ पण जातं, म्हणून मी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली घेऊन जाते, वर लिंबू पिळते. चमचा म्हणजे चहाचा छोटा चमचा.

क्लबमध्ये पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

मेकअपला बसायच्या आधी पूर्ण जागा फिरून ये. बाहेर पडायचे दोन रस्ते बघ, स्वतः दार ढकलून बघ, बाहेरून कुलूप असेल तर मॅनेजरला तिथल्या तिथे सांग. हे मी उगाच सांगत नाहीये. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये आग लागली, १४ जीव गेले, त्यातले बरेच जण बाथरूममध्ये अडकले होते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबला आग लागली, २५ जण गेले आणि त्यात बहुतेक तिथे काम करणारे होते. काम करणारे म्हणजे आपण. गेस्ट दाराजवळ असतो, आपण मागे, तळघरात, छोट्या ग्रीन रूममध्ये असतो. म्हणून ग्रीन रूमपासून बाहेरपर्यंतचा रस्ता एकदा पायाने चालून बघायचा, अंधारात आणि धुरात पाय आठवतात. बंद जागेत फटाक्यासारखं काही उडवणार असतील, आणि छताला कापड, गवत, बांबू असेल, तर मी नाचत नाही. एकदा असं सांगून मी परत आले आहे, अर्धं पेमेंट बुडलं, तरी पुन्हा तसंच करीन.

मग पोडियम. त्यावर चढ, उड्या मार, हलतोय का बघ. कडेला पांढरी किंवा रेडियमची टेप लावून घे, कारण स्ट्रोब (झपझप उघडझाप करणारा लाइट) चालू झाला की कड दिसत नाही. टेप मी स्वतःची नेते. सीओटूचे जेट, म्हणजे थंड गॅसचा झोत सोडणारी मशीन, कुठे लावलेत, कुठल्या दिशेला मारतात ते लाइटवाल्याला विचार, जवळून तो गॅस कातडी भाजल्यासारखी करतो. कोल्ड पायरोच्या, म्हणजे ठिणग्या उडवणाऱ्या, मशीनपासून लांब, आणि सिंथेटिक कपड्यात तर जास्तच लांब. लेझरच्या रेषेत डोळे येतात का तेही विचार. डीजेला जाऊन नाव सांग, दोन मिनिटं बोल, तो ड्रॉपच्या आधी तुझ्याकडे बघायला लागला की तुझं काम अर्धं सोपं होतं. आणि बाउन्सरला भेट, दादा म्हणून हात मिळव आणि एक खूण ठरव. माझी खूण म्हणजे मूठ डोक्यावर. मूठ डोक्यावर गेली की त्याने यायचं, का ते नंतर विचारायचं.

चालू रात्र

कान आधी. ८५ डेसिबलला आठ तास हा सुरक्षित आकडा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पोडियम बऱ्याचदा स्पीकरच्या तोंडाशीच असतो. म्युझिशियन वापरतात तसे इअर प्लग घे, त्यातून गाणं स्वच्छ ऐकू येतं फक्त हळू येतं. मी चौथ्या वर्षी घेतले, तोपर्यंत डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली होती आणि ती आता जात नाही. शांत खोलीत झोपायला जाते तेव्हा ती असते.

ड्रिंक नाही. कामावर असताना दारूचा एक घोट पण नाही, गेस्टने दिलेलं पाणी पण नाही, बाटली स्वतःची आणि सील स्वतः तोडलेलं. बाटली नजरेआड झाली की ती टाकून दुसरी.

कुणी हात लावला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेव, कारण त्या क्षणी डोकं बंद पडतं. माझं ठरलेलं असं: एक पाऊल मागे, पोडियमच्या मध्यावर, नजर त्याच्यावरून काढून बाउन्सरकडे, मूठ डोक्यावर. लाथ मारायची नाही, कितीही वाटलं तरी, कारण तोल जाऊन आपण खाली जातो आणि खाली तो आहे. माणूस हलला नाही तर सेट थांबवायचा आणि उतरायचं, डीजेकडच्या बाजूने. मग मॅनेजरला लगेच मेसेज, वेळ लिहून. सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवा असं त्याच मेसेजमध्ये लिही, कारण काही दिवसांत ते पुसलं जातं.

आणि तक्रार करायची असेल तर हे लक्षात ठेव. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, विनयभंगाला त्यात कलम ७४, लैंगिक छळाला ७५, कपडे बदलण्यासारख्या खाजगी क्षणी लपून फोटो-व्हिडिओ काढण्याला ७७ आणि पाठलागाला ७८. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही. छळ क्लबच्या माणसाने किंवा को-ऑर्डिनेटरनेच केला असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आपल्याला पण लागू आहे, रोजंदारी असो की एका रात्रीचं काम. दहापेक्षा कमी माणसांची जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तीन महिन्यांच्या आत. रात्री तातडीला ११२, बायकांसाठी १८१. उगाच तोकडे कपडे घातले होते म्हणून तक्रार घेणार नाहीत असं मनात धरून घरी बसू नकोस, कपड्यांचा त्या कलमांशी काही संबंध नाही.

रेव्ह आणि उघड्यावरच्या पार्ट्या

रेव्ह म्हणजे रात्रभर इलेक्ट्रॉनिक म्युझिकवर चालणारी पार्टी, पण आपल्याकडे हा शब्द पेपरात आला की बातमी छाप्याचीच असते. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी पोलिसांनी मोठा छापा घातला तेव्हापासून मराठी घरात रेव्ह म्हणजे ड्रग्ज हे पक्कं बसलंय. गोव्यात हणजुणे-वागातोरच्या ट्रान्स पार्ट्यांमध्ये नाचलेली मी सांगते की म्युझिकवर जीव टाकणारी माणसं तिथे खूप आहेत, पण ड्रग्ज पण आहेत, आणि आपण तिथे कामाला असतो म्हणून आपल्याला जास्त जपावं लागतं.

परवानगीशिवायची पार्टी घ्यायची नाही. लोकेशन शेवटच्या क्षणी कळवणार, फार्महाउस, फोन जमा करा, असं काही ऐकलं की नको म्हणायचं. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते, सरकार वर्षात थोडेच दिवस बारापर्यंत सूट देतं, म्हणून 'ओपन एअर, पहाटे पाचपर्यंत' असं कुणी म्हणालं तर परवानगीचा कागद माग.

बॅग कायम कुलूपबंद आणि कुणाचीही वस्तू, पुडी, डबी, सिगरेटचं पाकीट, 'जरा ठेव गं' म्हणून ठेवून घ्यायची नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे ड्रग्जच्या कायद्यात माल ज्याच्याकडे सापडला त्यालाच आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. छापा पडला तर पळू नकोस, ओळखपत्र आणि तो कन्फर्मचा मेसेज दाखव, मी कामाला आलेली आर्टिस्ट आहे सांग. बाईची झडती फक्त बाईच घेऊ शकते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला सहसा अटक करता येत नाही, अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधीची परवानगी लागते. हे ओरडून सांगायचं नाही, शांतपणे सांगायचं आणि घरी किंवा ओळखीच्या वकिलाला फोन लावायचा.

फेस्टिव्हलला त्रास उन्हाचा. रिपोर्टिंग दुपारी बाराला, पत्र्याखाली ग्रीन रूम, अंगावर पिसं आणि रबर. गर्दीत किंवा मैत्रिणींमध्ये कुणी बरळायला लागलं, अंग तापलंय, चालताना झोक जातोय, तर त्याला सावलीत आणून ओला टॉवेल मानेला-काखेला आणि लगेच मेडिकल टेंट. 'जरा बसू दे, होईल बरं' म्हणत वेळ घालवू नकोस.

घरच्यांना

लपवू नकोस, निदान एका माणसाला तरी सांगून ठेव. मी पहिले आठ महिने कॉल सेंटर सांगितलं होतं आणि त्या सोललेल्या गुडघ्याचं कारण पण खोटंच सांगितलं. मग आईला एका फेस्टिव्हलला नेलं, दुपारच्या सेटला, बॅकस्टेजला बसवलं. ती बाबांना काय बोलली ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून शोच्या रात्री ती जागी असते आणि माझं लाइव्ह लोकेशन तिच्या फोनवर असतं.

घरी जाताना आणि दुसऱ्या दिवशी

मुंबई-पुण्यात दीडला क्लब बंद होतो आणि मग रस्त्यावर सगळे एकदमच येतात, गेस्ट पण. मागच्या दाराने निघायचं, मेकअप पुसून, केस बांधून, सैल कपड्यात. गाडीत बसायच्या आधी नंबरचा फोटो आईला किंवा मैत्रिणीला. गेस्टने सोडतो म्हटलं तर नाही, को-ऑर्डिनेटरने म्हटलं आणि गाडीत तू एकटीच असशील तरी नाही.

पोचल्यावर पाय दहा मिनिटं गार पाण्यात, पोटऱ्या ताणून मगच झोप. सकाळी कॉस्च्युम धुवायला काढ, एलईडीची पट्टी आणि बॅटरी आधी सोडव, थंड पाण्यात हाताने, पिळायचा नाही, सावलीत सपाट वाळत घालायचा. बूट उलटे करून तळ पुसून घे, त्यावर साखरेचं चिकट पाणी असतं आणि पुढच्या शोला तेच घसरवतं. मग वहीत दोन ओळी: कुठला क्लब, पोडियम केवढा, बाउन्सर आला का, पैसे किती आणि कधी. माझ्या वहीत आता ३०० च्या वर नोंदी आहेत आणि नवीन मुलगी 'तिथे जाऊ का' विचारते तेव्हा मी आधी वही उघडते, मगच उत्तर देते.